पेरूंचा एक आणा

शुक्रवार, ता. २८ सप्टेंबर १९३४. घरातून निघताना जवळ रोख अठरा रुपये, आणि कोऱ्या चिंधीत वेगळा बांधलेला एक आणा. त्या वेळी हजर: माझी पत्नी रत्नाबाई, आमच्या मंडळीचे पाळक, आणि ज्याच्यामुळे हा प्रवास करावा लागला तो आमचा थोरला मुलगा शांतवन, वय पंधरा. पाळकांनी निरोपाची प्रार्थना केली. ती लांबली. गाडी चुकेल असे मी दोनदा म्हणालो.

नगरहून लोक नाशकाला जातात ते गोदावरीच्या स्नानाला, नाहीतर द्राक्षांच्या व्यापाराला. आम्ही ख्रिस्ती, आणि माझा व्यापार एका शाळेच्या वसतिगृहाचे धान्य मोजण्यापुरता. मी गेलो तो डझनभर पेरूंचे पैसे द्यायला. ऐकणारा हसतो. मला त्या चार दिवसांत एकदाही हसू आले नाही.

झाले ते असे. गेल्या नाताळच्या सुट्टीत शांतवन नाशकाला मामाकडे होता. बाजारात एका म्हातारीकडून त्याने पेरू घेतले, पंच्यात बांधले आणि पैसे द्यायला डावा हात पुढे केला. त्या मनगटाभोवती त्याला जन्मापासून काळसर वळ आहे, दोर काचल्यासारखा. म्हातारीने पैसे घेतलेच नाहीत, मनगट धरले. म्हणाली, हा माझा नथू. नथू म्हणजे तिचा धाकटा मुलगा. सोळाव्या वर्षी मोट हाकताना दोर हाताला गुंडाळलेला राहिला, बैल बिचकले, आणि मोटेबरोबर तोही विहिरीत गेला. बाजार गोळा झाला. पोराने हात सोडवून पळ काढला. घरी पोचला तेव्हा पेरू पंच्यात होते आणि आणा मुठीत.

इतकेच असते तर मी मनिऑर्डर केली असती. पण ईस्टरला त्याला मंडळीत घ्यायचे ठरले होते. तिथे सगळ्यांसमोर म्हणायचा विश्वासांगीकार त्याला सगळा पाठ होता, लहानपणापासून रोज रात्री म्हणत आला होता. तालमीच्या दिवशी ‘देहाचे पुनरुत्थान’ इथपर्यंत आला आणि थांबला. पाळकांना म्हणाला, “ज्याला दोन देह मिळाले, तो शेवटच्या दिवशी कुठल्या देहाने उठणार?”

पाळक म्हणाले, हा सैतानाचा प्रश्न आहे.

मला त्या उत्तराचा संताप आला. प्रश्न कुणाचाही असो, वजनाला आला की तोलावा लागतो. पण माझ्याजवळही उत्तर नव्हते, आणि त्याचा संताप जास्त. ईस्टर गेला. मुलगा प्रार्थनेला बसे, पण डोळे उघडे ठेवी. एक गोष्ट मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. लहानपणापासून मोटेच्या चाकाचा करकर आवाज आला की तो कानांत बोटे घाली. का, ते आम्हाला कधी कळले नाही.

मग ऑगस्टात म्हातारीचा थोरला मुलगा दौलत कळवणकडच्या आपल्या गावाहून पत्ता काढत नाशकाला माझ्या मेहुण्याकडे येऊन गेला. त्याचे म्हणणे सरळ होते. पितृपंधरवड्यात अष्टमीला नथूचे पान असते. यंदा आई म्हणते, पान वाढायचे नाही, जिवंत माणसाचे पान वाढले तर त्याला अपाय होतो. आणि हा पोरगा नथू नसेल तर नथू उपाशी राहतो. तेव्हा पोराला घेऊन या आणि काय तो निकाल लावा.

मी ठरवले, लावतो. माझ्याजवळ तारखा होत्या. खेड्यातल्या माणसाला मुलगा कधी गेला ते ऋतूने आठवते, तारखेने नाही. शांतवन जन्मला तो १९१९ च्या जून महिन्याअखेर. नथू त्यानंतर गेलेला निघाला की विषय संपला.

नाशिक, शनिवार

गाडीचे काही सांगण्यासारखे नाही. मनमाडला बदलावी लागते आणि तिथला चहा गरम पाण्याच्या लायकीचा. रत्नाबाईने बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि वेगळ्या पुडीत मीठ दिले होते. हे मीठ शांतवनसाठी. कशातही कितीही असो, त्याला वरून लागते. त्यावरून त्याची आई रोज बोलते आणि रोज पुडी बांधते.

नाशिकरोडपासून शहर दूर आहे. टांगेवाल्याने पुलाजवळ घोडा थांबवून, सामानाचे वेगळे पडतील, म्हणून सांगितले. सामान म्हणजे एक वळकटी आणि एक पिशवी. मी म्हणालो, “मग पिशवी घेऊन मी चालतो, तू वळकटी ने.” तो म्हणाला, “बसा ना साहेब, तुम्ही तर रागावून काशीला निघाल्यासारखे तापला.” घोड्यासकट सगळे नाशिक शांत होते, मी एकटा तापलेला होतो, हे खरे.

संध्याकाळी शांतवनने रामकुंड पाहायचे म्हटले. मी नको म्हणालो आणि गेलो. नगरला सीना नदी. तिच्यात वर्षातले आठ महिने पाय भिजत नाही. गोदावरी या दिवसांत भरलेली, गढूळ, आणि काठावर माणसे ओळीने बसून भाताचे पिंड ठेवीत होती. प्रत्येक ओळीमागे कावळे. आमच्या नगरचे कावळे माणसाला भितात. इथले दिवाणी कचेरीतल्या कारकुनासारखे बसतात, पक्षकार येईलच या खात्रीने.

एका उपाध्यायाने आम्हाला हेरले. गाव विचारले, आडनाव विचारले. मी सांगितले, आम्ही ख्रिस्ती आहोत.

“असाल. पूर्वीचे कोण?”

“माझे वडील महार होते.”

त्याने दोन पावले मागे घेतली, पण बोलायचे थांबला नाही. “धर्म तुम्ही बदललात. पूर्वज थोडेच बदललेत? ते उपाशीच आहेत.”

“माझ्या आजोबांना जिवंतपणी या कुंडात पाय घालू दिला नाही कुणी,” मी म्हणालो. “मेल्यावर त्यांच्या जेवणाची काळजी तुम्ही करू नका.”

शांतवन पुढे गेला होता. परत येताना त्याने विचारले, “बाबा, आजोबांचे आजोबा तर ख्रिस्ती नव्हते. ते मेल्यावर कुठे गेले असे त्यांना वाटत असेल?”

“चालायला लाग,” मी म्हणालो.

रविवारी आम्ही प्रवास करीत नाही. मेहुण्याबरोबर उपासनेला गेलो, दुपारी त्याच्या बायकोने कोंबडी केली. तिच्या हातचे चांगले असते, पण नाशकात चिवड्यापासून कालवणापर्यंत सगळ्यात गोडूस चव असते असे माझे मत आहे. शांतवनने पुडी काढली. मामी म्हणाली, “अरे, हा मुलगा आहे की मिठागर?”

कळवणची वाट, सोमवार

सर्व्हिस मोटार पहाटे निघते असे म्हणतात. निघते ती भरल्यावर. दिंडोरी गेली, वणी गेली. वणीच्या पुढे उजेड चांगला झाला आणि सप्तशृंगीचा डोंगर दिसू लागला, अर्धा ढगात. आमचा मुलूख कोरडा आणि उघडा. इतकी हिरवी बाजू मी प्रथमच पाहिली. बाजरी कणसावर आली होती, उतारावर नागली, म्हणजे नाचणी, होती. हे सगळे पाहून आनंद व्हावा अशी माझी स्थिती नव्हती, पण पिके चांगली होती हे लिहिले पाहिजे.

शेजारच्या उतारूने विचारले, कळवणला कुणाकडे?

“पेरूंचे पैसे द्यायचे आहेत.”

“किती?”

“एक आणा.”

त्याने मोटारीच्या भाड्याचा हिशेब केला असावा. पुढे तो माझ्याशी बोलला नाही.

कळवणला दौलत बैलगाडी घेऊन आला होता. चाळिशीचा, खांद्याला रुंद, कमी बोलणारा माणूस. मी त्याच्यावर चिडायची तयारी करून आलो होतो. गाडीत बसल्यावर तोच म्हणाला, “मास्तर, खरं सांगू? तुमचा पोरगा नथू नसला तर बरं, असं मला वाटतं.”

“का?”

त्याने बैलांकडे पाहत सांगितले, “मेव्हण्यांनी तुमचं सगळं सांगितलं मला. गावात लय बोलणं होईल.”

मला वाटले होते की माझा राग भरून झाला आहे. नव्हता. मी म्हणालो, “म्हणजे भाऊ परत आला तर हवा, पण आमच्या घरातून नको.”

“मी तसं नाय म्हटलं.”

“तसेच म्हटलेस.”

शांतवन आमच्या दोघांच्या मधे बसून मनगटावरचा वळ चोळत होता. गिरणेचे पात्र आले आणि गाडी पाण्यात उतरली, तेव्हा कुठे बोलणे थांबले.

दौलतचे घर

घर शेतात, मातीचे, पुढे सारवलेला ओटा. घरापासून हाकेवर विहीर. म्हातारीचे नाव सखूबाई. तिकडे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात आणि ‘माझा’ला ‘मना’. ती दारात आली, शांतवनच्या तोंडाकडे पाहिलेच नाही, मनगट हातात घेऊन म्हणाली, “मना नथू शे.”

दौलतने ओट्यावर घोंगडी टाकली. आत बोलावले नाही. त्याच्या बायकोने पाणी आणले ते आमच्या ओंजळीत वरून ओतले. हातभर वरून. मी प्यालो नाही. शांतवन प्याला, त्याला तहान होती.

मी लगेच मुद्द्यावर आलो. “बाई, तुमचा मुलगा गेला कधी?”

“मानमोडीना साले,” ती म्हणाली. त्या इन्फ्लुएंझाच्या तापाचे वर्ष. “ताप गावात आला दिवाळीच्या अंगाला. मना पोऱ्या त्याच्या आधी गया, पित्तरमां. आजचीच तिथी.”

मानमोडी म्हणजे १९१८. पितृपंधरवड्यातली अष्टमी, म्हणजे सप्टेंबरची अखेर. मी बोटांवर मोजू लागलो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. मे, जून. बोटे संपायला एक उरले.

नऊ महिने. मी पुन्हा मोजले. धान्याच्या कोठारात बावीस वर्षांत माझ्या बेरजेला कुणी चूक काढलेली नाही. ज्या आकड्यांनी हिचे तोंड बंद करायला मी अठरा रुपये घेऊन घरातून निघालो होतो, ते तिच्याच पारड्यात जाऊन बसले. शांतवन माझ्या बोटांकडे पाहत होता. त्यालाही मोजता येते. मीच शिकवले आहे.

त्याच वेळी शेजारच्या शेतकऱ्याने विहिरीवर मोट धरली आणि चाक करकरले. पोराचा चेहरा उतरला. हात कानांकडे गेले. सखूबाई ते टक लावून पाहत होती, आणि तिचे पाहणे मला सहन होईना. मग त्याने हात खाली घेतले, ओट्यावरून उतरला, विहिरीपर्यंत चालत गेला आणि चाक फिरते तिथे उभा राहिला. मोट वर आली, रिती झाली, खाली गेली, पुन्हा आली. तो हलला नाही. परत आला तेव्हा ओठ पांढरे होते. सखूबाईला म्हणाला, “मला भीती वाटते. पण आठवत काही नाही.”



दौलत म्हणाला, “आता पानच काय ते सांगेल.” आई ऐकेना म्हणून स्वयंपाक त्याच्या बायकोने केला होता: खीर, उडदाचे वडे, गिलक्याची भजी, डांगराची भाजी, कढी. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून झाले. मग सगळे वाढलेले पान दौलतने अंगणापलीकडच्या दगडी गडग्यावर ठेवले. कावळ्याने शिवले तर नथू अजून तिकडेच आहे आणि पान त्याला पोचले. नाही शिवले तर काय, ते कुणी बोलले नाही. सगळे माझ्या मुलाकडे पाहत होते.

माझ्या मुलाच्या आत्म्याचा निकाल एका पक्ष्यावर टाकला होता. मी उठून जायला हवे होते. उठलो नाही. कावळे होते, चिंचेवर पाचसहा बसले होते. एकही खाली उतरेना.

“कसाले येई?” सखूबाई म्हणाली. “जेवणारा आठे बसेल शे.” कावळा येईल कशाला, जेवणारा इथे बसलाय.

दौलत पानापुढे हात जोडून उभा राहिला. अशा वेळी मृताची राहिलेली इच्छा पुरवायचा शब्द देतात. “नथू, तुझ्या वाट्याचं वावर मी विकणार नाय,” तो म्हणाला. कावळा नाही. “आईला मी अंतर देणार नाय.” नाही. मग जरा खालच्या आवाजात, “त्या दिवशी मोटेवर मी जायचा होतो, तुला पाठवला. त्याचा राग धरू नको.” हे बोलताना त्याचा रुंद खांदा हलला. कावळे तसेच बसून राहिले.

आणि मी काय करीत होतो? मी प्रार्थना करीत होतो. माझ्या प्रभूला, मनातल्या मनात, मुठी आवळून: एक कावळा पाठव. हे मी पाळकांना सांगितलेले नाही. इथे लिहितो, कारण नंतर स्वतःवर जितका संतापलो तितका त्या उपाध्यायावरही नव्हतो.

शांतवन उठला. अंगण ओलांडून गेला, गडग्यावरचे पान दोन्ही हातांनी उचलले आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला.

दौलत पुढे झाला. “ए पोरा, शिवू नको ते.”

“शिवलो,” शांतवन म्हणाला.

“शांतवन, उठ,” मी म्हणालो. “ते मूर्तीपुढचे अन्न आहे.”

“मूर्तीपुढचे नाही, बाबा. नथूचे आहे. आणि तो आला नाही तर बाई दिवसभर जेवणार नाही.” त्याने डोळे मिटले. कित्येक महिन्यांनी मी त्याला अन्नावर डोळे मिटताना पाहिले. मग त्याने वडा मोडला.

“जेवू दे त्याले,” सखूबाई म्हणाली. ती आत गेली आणि घरातला पितळी तांब्या भरून आणला. सून म्हणाली, “आत्याबाई, देवाजवळचा तांब्या शे तो.” म्हातारीने ऐकले नाही. तांब्या त्याच्या हातात दिला. हातभर वरून नाही. दौलत तोंड फिरवून बैलांकडे निघून गेला. मी त्याला हाक मारून म्हणणार होतो, बघ, तुझ्या आईला जमले. म्हणालो नाही. त्याने नुकतेच पानापुढे काय बोलून टाकले होते, ते मी ऐकले होते.

पोरगा निमूट जेवत होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. एकेक घास पाहत होती. कढी संपत आली तेव्हा तिने विचारले, “कढीमां मीठ कसं शे?”

तिने सहज विचारले नव्हते. तिचा हात गुडघ्यावर घट्ट आवळलेला होता. मीठ आणि माझा मुलगा, या दोन गोष्टी मला माहीत आहेत. माझ्या मांडीजवळच्या पिशवीत पुडी होती.

शांतवनने तिच्या हाताकडे पाहिले. मग तोंडाकडे पाहिले.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

तिने गुडघ्यावरची मूठ सोडली. मग म्हणाली, “नथूले कधीच बरोबर नव्हतं. जलमभर म्हणे, आय, मीठ कमी.” तिने पदराने नाक पुसले, गुडघ्यावर हात रेटून उठली आणि सुनेला म्हणाली, दुसरे पान वाढ. हे माणसाने खाल्ले. नथूचे अजून राहिले आहे.

दुसरे पान तिने स्वतः गडग्यावर ठेवले. आम्ही गाडीत बसेपर्यंत त्यावर कावळा बसला की नाही, ते मला सांगता येत नाही. मी मुद्दाम तिकडे पाहिले नाही.

गाडीजवळ मी चिंधी सोडून आणा काढला आणि शांतवनच्या हातात दिला. मला भीती होती ती आता. आईने पोराकडून पेरूंचे पैसे घेतले असे कुठे झाले आहे? ती नाही म्हणाली असती तर आम्ही होतो तिथेच राहिलो असतो, आणि तो मुलगा आयुष्यभर तिथे येत राहिला असता.

त्याने हात पुढे केला. डावा, वळ असलेला. ती मनगटाकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःच हात पसरला. “पेरूना आणा,” ती म्हणाली. “दे.”

परत

वणीला मोटार थांबली तेव्हा आम्ही उरलेली भाकरी खाल्ली. शांतवनने पुडी सोडली, चिमूट घेतली, ठेच्यावर भुरभुरली, आणि पुन्हा एकदा घेतली. मी पाहत होतो, आणि मी पाहतो आहे हे त्याला ठाऊक होते. कढीत मीठ होते की नव्हते, ते मी विचारले नाही. ती कढी मी चाखली नव्हती. पोराला खोटे बोलायचे नाही हे मी शिकवले. आणि तो त्या अंगणात खोटे बोलला असेल तर त्याबद्दल त्याला रागे भरायला माझ्याजवळ एवढा राग असूनही शब्द सापडला नाही.

दुसऱ्या रविवारी त्याला मंडळीत घेतले. विश्वासांगीकार सगळा म्हणाला, कुठेही न थांबता. बाहेर आल्यावर पाळक माझा हात दाबून म्हणाले, “पाहिलेत? प्रार्थनेने सुटले.” मी त्यांना म्हणालो, प्रश्न अजून जागच्या जागी आहे, त्याने फक्त तो आपला आपण उचलला आहे. त्यांना ते आवडले नाही. न आवडो. नऊ महिन्यांची ती बेरीज मी अजून अधूनमधून करतो, आणि ती प्रत्येक वेळी तेवढीच येते.

खर्च झाला तो असा: रेल्वे, टांगे आणि मोटार मिळून अकरा रुपये चार आणे. मेहुण्याच्या मुलांना खाऊ, आठ आणे. बैलगाडीचे दौलतने घेतले नाहीत. आणि पेरूंबद्दल सखूबाईला एक आणा. तिने तो उलटसुलट करून पाहिला, दाताखाली धरला आणि कनवटीला लावला, जसा कुठल्याही गिऱ्हाइकाचा लावतात.